बँकेतला कार्बनचा हिशेब: नव्याने येणाऱ्यांसाठी

बडोद्यात बँकेची नोकरी म्हटलं की घरोघरी पीओ नाहीतर क्लार्कची परीक्षा, एवढंच डोळ्यांसमोर येतं. सयाजीरावांनी १९०८ साली जिथे बँक काढली त्या गावात ते साहजिकच. मी कॉमर्स करून एका मोठ्या बँकेच्या उत्सर्जन अहवालाच्या कामात आले. आता दांडिया बाजारातली ओळखीची मुलं विचारतात, ‘ताई, पर्यावरण शिकलेलं नसलं तर चालतं का?’ चालतं. ताळेबंद वाचता येत असेल आणि कागद शोधायचा कंटाळा नसेल तर हे काम फार लवकर हाती बसतं.

उत्सर्जनाची तीन खाती असतात, त्यांना स्कोप म्हणतात; ती समजून घ्या. स्कोप १ मध्ये बँकेने स्वतः जाळलेलं डिझेल-पेट्रोल आणि एसीतून गळलेला गॅस. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ मध्ये बाकीचं सगळं, आणि त्यातला पंधरावा प्रकार म्हणजे दिलेली कर्जं आणि गुंतवणूक. बँकेचा खरा भार तिथेच असतो.

विजेचं गणित सरळ आहे. शाखेने महिन्याला ४,००० युनिट वापरले आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा गुणक, युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड, लावला की २.९ टन होतात. वेळ जातो तो बिलं मिळवण्यात. कुठे मीटर जागामालकाच्या नावावर, कुठे बिलाचा काळ मार्च-एप्रिलच्या मधोमध. शाखेत फोन करून गुजरातीत नीट विचारलंत तर कागद लवकर येतो, हा माझा अनुभव.

एसीकडे मात्र विशेष लक्ष द्या. मेकॅनिकच्या पावतीवर नुसतं ‘गॅस भरला’ असतं. कोणता गॅस, किती किलो, काही नाही. आर-४१०ए हा गॅस एक किलो गळला तरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर डिझेल जाळल्यासारखं! जुन्या एसीतला आर-२२ तर स्कोपच्या बाहेर, वेगळा दाखवायचा असतो. म्हणून वार्षिक देखभालीच्या करारातच गॅसचं नाव आणि वजन लिहून देण्याची अट घालून घ्यावी. वर्षअखेरीला पावत्या उकरण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

आता कर्जं. समजा नंदेसरीतल्या एका रसायन कारखान्याचं भांडवल आणि कर्ज मिळून १०० कोटी आहे, त्यात आपल्या बँकेचे १० कोटी, आणि कारखाना वर्षाला २०,००० टन उत्सर्जन करतो. दहा टक्के, म्हणजे २,००० टन आपल्या नावावर. वरच्या शाखेसारख्या पन्नासहून जास्त शाखांच्या वर्षभराच्या विजेइतकं हे एकच कर्ज! ही पद्धत पीसीएएफ या, कर्ज-गुंतवणुकीमागचं उत्सर्जन कसं मोजायचं ते ठरवणाऱ्या संस्थेची. त्यात माहितीच्या दर्जालाही १ ते ५ गुण द्यायचे असतात. तपासलेला आकडा असला तर १, उद्योगाच्या सरासरीवरून अंदाज बांधला तर ५. लहान कारखान्यांकडे मोजमापच नसतं, त्यामुळे सुरुवातीला ४ आणि ५ च जास्त दिसतात. ते लपवू नका. पुढे खरी माहिती आली की आकडा उडी मारतो, आणि तेव्हा पायाभूत वर्षाचा, म्हणजे ज्याच्याशी पुढची वर्षं ताडून पाहतात त्या वर्षाचा आकडाही दुरुस्त करावा लागतो.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने मोठ्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यात स्कोप १ आणि २ आवश्यक निर्देशकांत आहेत, स्कोप ३ मात्र ऐच्छिक भागात. त्यामुळे बँकांच्या घोषणा वाचताना सावध राहायला हवं. देशाचं नेट झिरोचं वर्ष २०७०, एचडीएफसी बँकेचं कार्बन न्यूट्रल होण्याचं २०३१-३२. ही दोन वर्षं शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, कारण नेट झिरो वेगळं आणि कार्बन न्यूट्रल वेगळं: नेट झिरोत आधी उत्सर्जनच खूप कमी करावं लागतं, कार्बन न्यूट्रलमध्ये ते कार्बन क्रेडिट विकत घेऊन भरून काढलं तरी चालतं. बँकेच्या वचनात कर्जं धरली आहेत की नुसत्या इमारती, हे आधी पाहावं. २०२१ मध्ये सुरू झालेली नेट-झिरो बँकिंग अलायन्स ही बँकांची जागतिक आघाडी ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली. आता प्रत्येक बँकेचं वचन तिच्या स्वतःच्या कागदावरच तपासावं लागतं.

मुलाखतीआधी कुठल्याही दोन बँकांचे बीआरएसआर उघडा, तत्त्व ६ वर, म्हणजे पर्यावरणाच्या भागावर जा. पायाभूत वर्ष, कोणत्या शाखा धरल्या, तपासणी कोणी केली आणि कर्जांचं उत्सर्जन दिलंय का, एवढं दोन्हींचं एका पानावर मांडा. ते पान मुलाखतीला सोबत न्या.