‘हसा बघू’ म्हणणं सोडल्यापासून

कुटुंबाचे फोटो काढायला शिकणाऱ्यांना मी आधी हेच सांगते: पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतच राहू दे. ओटीवर बसा, चहा घ्या, कोण कोणाचं ते समजून घ्या. आजीचं लाडकं नातवंड कुठलं, कोणत्या काकांचं कोणाशी बोलणं नाही, हे कळलं की कुठे उभं राहायचं तेही कळतं. शिवाय एसी गाडीतून कोकणच्या दमट हवेत आलेल्या लेन्सवर वाफ धरते, ती वाफ पिशवीत असतानाच विरते.

मालवणजवळच्या एका घरी मी चतुर्थीला गेले होते. मुंबईहून चाकरमानी आलेले, घर भरलेलं. सगळ्यांना खळ्यात, म्हणजे अंगणात, रांगेत उभं करून मी ‘हसा बघू’ म्हटलं. ओठ हसले, डोळे नाहीत. द्युशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली नेमकं हेच मांडलं होतं: मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो, आणि तो सहसा हुकमावर आवळत नाही.

रांग मोडली. आजी माजघरात आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, नारळ खवायला बसल्या. धाकट्या नातीनं खवलेल्या खोबऱ्याची चिमूट उचलून तोंडात टाकली. आजींनी दटावायला हात उगारला आणि तोच तिच्या गालावर टेकवला. गालाला खोबऱ्याचे दोन कण चिकटले. माझ्या आजवरच्या कामात मला सगळ्यात प्रिय असलेला फोटो तो.

तेव्हापासून मी पोज सांगत नाही, काम सांगते. मोदकाच्या कळ्या पाडा, अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा, करा, मे महिना असेल तर फणसाचे गरे काढा. आजोबांपुढे जुना अल्बम ठेवा आणि नातवंडांना ‘हे कोण?’ विचारू द्या. हात गुंतले की माणूस कॅमेरा विसरतो.

माजघरात उजेड कमी असतो, पण फ्लॅश मारू नका. एकदा लखलखलं की सगळे सावध होतात. ५० एमएम, एफ १.८ ची साधी लेन्स पुरते. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्या, फोटोत थोडे दाणे आले तरी चालतील. बसलेल्या माणसांना १/१२५ सेकंद, धावत्या पोरांना १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर. सायलेंट (आवाज न करणारं) शटर वापरताना ट्यूबलाइटखाली फोटोत पट्टे उमटले तर शटर १/१०० वर आणा.

किनाऱ्यावर सूर्यास्तानंतरची पंधरा मिनिटं मला आवडतात. ऊन नसतं, डोळे मिटत नाहीत.

माझी एक चूक अजून सलते. चाकरमानी परत निघाले होते. गाडीच्या खिडकीतून आजोबांनी लेकाच्या मांडीवर कोकमांची पिशवी ठेवली, मग वळून पंच्यानं डोळे पुसले. मी तेव्हा आधीचे फोटो स्क्रीनवर बघत होते. त्याच रात्री फोटो काढल्यावर तो आपोआप स्क्रीनवर दाखवणारी सेटिंग बंद केली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका घरी निरोपाचा तसाच क्षण मिळाला. डोळ्यांत पाणी असलेले फोटो मी आधी त्याच माणसाला एकट्याला दाखवते, ठेवू का विचारते. तिथल्या आजोबांनी तो बराच वेळ पाहिला. म्हणाले, “ठेव. पण भिंतीवर नको, माझ्या कपाटात दे.”