माजी सैनिकाचे मानसिक उपचार: कोकणातील कुटुंबाने कायद्याचा आधार कसा घ्यावा

माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. अमेरिकेत २०२० साली ‘कॉम्पॅक्ट’ कायदा झाला आणि त्यातील तरतुदीनुसार, आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या माजी सैनिकाला १७ जानेवारी २०२३ पासून सरकारी खर्चाने तातडीचे उपचार मिळतात. त्यासाठी ३० दिवसांपर्यंत रुग्णालयात दाखलही राहता येते. आपल्या कुटुंबांना मात्र दोन वेगळ्या व्यवस्थांची सांगड स्वतःच घालावी लागते. त्यांपैकी एक आहे सर्व नागरिकांना लागू असलेला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आणि दुसरी आहे २००३ पासून चालू असलेली माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस. दोन्हीकडे हक्क पुरेसे आहेत, पण ते लेखी मागावे लागतात आणि तिथेच बहुतेक कुटुंबे कमी पडतात.

महाड, खेड, दापोली, सावंतवाडी या पट्ट्यात फौजेतून किंवा नौदलातून निवृत्त झालेला माणूस वाडीवाडीत भेटतो. असा माणूस रात्र रात्र पडवीत बसून राहतो, फटाक्याच्या आवाजाने दचकतो, वाडीच्या बैठकीला जाणे टाळतो, तिन्हीसांजेपासून बाटली जवळ करतो आणि घरचे म्हणतात, ‘मिल्ट्रीवाल्यांचा स्वभावच तापट.’ पुढे कोणाला तरी बाहेरच्या बाधेचा संशय येतो, देवळात कौल लावला जातो, गाऱ्हाणे घातले जाते. गाऱ्हाणे अवश्य घालावे. त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्याचा दिवस पुढे ढकलू नये, एवढेच. उपचार घेतल्याने निवृत्तिवेतन बंद होत नाही आणि मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या (पुढची सारी कलमे याच कायद्याची) कलम २३ नुसार आजाराची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, ही दोन वाक्ये त्याला आधीच सांगून ठेवावीत, कारण त्याचा नकार बहुधा या दोन भीतींपोटीच असतो.

प्रथम कागद गोळा करावेत: डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक), पीपीओ (निवृत्तिवेतनाचा आदेश), ईसीएचएस कार्ड आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाच्या अहवालाची प्रत. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये अनेकांची कागदपत्रे कपाटासकट गेली. म्हणून या सर्वांची छायाचित्रे काढून मुंबईला असलेल्या मुलाकडे किंवा पुतण्याकडेही ठेवावीत. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्या निवृत्तिवेतनधारकांना ईसीएचएसचे सदस्यत्व सक्तीचे आहे, तर त्याआधी निवृत्त झालेल्यांनी ते घेतले होते का, हे तपासावे लागते. तशी चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. रायगडकरांसाठी ते अलिबागला, रत्नागिरीकरांसाठी रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गवासीयांसाठी ओरोसला आहे.

ईसीएचएसच्या जवळच्या पॉलिक्लिनिकमध्ये, म्हणजे योजनेच्या दवाखान्यात, जाताना पत्नीने किंवा मुलाने सोबत जावे आणि त्रासाचे टिपण लिहून न्यावे. हे टिपण फार महत्त्वाचे आहे. आयुष्यभर ‘ठीक है साहब’ म्हणायची सवय लागलेला माणूस डॉक्टरांसमोर बसला की तेच म्हणतो. मग रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन दोघे परत येतात. झोप किती तास लागते, स्वप्नात ओरडणे होते का, दारू किती वाढली, राग कोणावर निघतो, मरणाची भाषा कधी केली, हे सारे तारखांसह लिहावे. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी, द्यावा, अशी स्पष्ट मागणी करावी. औषध पॉलिक्लिनिकमध्ये शिल्लक नसेल तर ते उपलब्ध नसल्याची लेखी नोंद मागून घ्यावी. मानसिक आजाराच्या गोळ्या मध्येच तुटल्या की महिनाभराची मेहनत वाया जाते आणि पावसात घाट बंद पडला की त्या तुटतातच. त्यामुळे पुढच्या गोळ्यांची तजवीज आठवडाभर आधी करावी.

ईसीएचएसचा रस्ता बंद असला तरी निवृत्त फौजी हा नागरिक राहतोच. कलम १८ प्रत्येकाला सरकारी खर्चाने चालणाऱ्या किंवा अनुदानित मानसिक आरोग्य सेवेचा हक्क देते. राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीतच आहे. ‘येडझव्यांचे हॉस्पिटल’ म्हणून त्याच्या दारापर्यंत न जाणारी माणसे पुढे खासगी उपचारांसाठी जमीन गहाण टाकतात, हे पाहून वाईट वाटते. खासगी आरोग्य विमा असेल तर कलम २१ नुसार विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे लागते.

माणूस सावध असतानाच करून ठेवण्याचे काम म्हणजे नामनिर्देशित प्रतिनिधीची, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याच्या वतीने उभे राहणाऱ्या माणसाची, नेमणूक. कलम १४ प्रमाणे यासाठी साधा कागद पुरतो. ‘मी, अमुक, राहणार अमुक, माझ्या मानसिक आरोग्य सेवेसंबंधी माझी पत्नी अमुक हिला माझी नामनिर्देशित प्रतिनिधी नेमत आहे’ असे लिहून खाली सही किंवा अंगठा आणि तारीख असावी. प्रतिनिधी सज्ञान आणि त्या जबाबदारीला राजी असावा. सैनिकाच्या घरात याला विशेष अर्थ आहे. थोरला भाऊ मुंबईत, आई म्हातारी, बायको माहेरी गेलेली, अशा वेळी निर्णय कोणी घ्यायचा यावरून दवाखान्याच्या दारात भांडणे होतात. हा कागद ती टाळतो. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत, हे दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याची सोय कलम ५ मध्ये आहे, मात्र आणीबाणीच्या उपचारांना ते निर्देश लागू होत नाहीत.

प्रसंग तातडीचा असेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवा) क्रमांकावर दिवसरात्र मराठीत बोलता येते. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसला तरी कलम ९४ नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत आणीबाणीचे उपचार करू शकतो; तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ‘इथे तज्ज्ञ नाही’ असे उत्तर मिळाल्यास या कलमाचा उल्लेख करावा. ईसीएचएसच्या यादीबाहेरच्या रुग्णालयात दाखल करावे लागले तर ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवावे. आत्महत्येचा प्रयत्न झाला असल्यास पोलिसांच्या भीतीने तो लपवू नये, कारण कलम ११५ अशा व्यक्तीवर तीव्र मानसिक ताण होता असेच गृहीत धरते आणि तिला शिक्षा न करता तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. घरात वानर-डुकरांसाठी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असेल तर ती त्याच दिवशी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी.

आजाराचा संबंध सेवेशी असेल तर अपंगत्व निवृत्तिवेतनाचाही विचार करावा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल आणि त्याच कारणाने पुढे सेवेतून बाहेर पडावे लागले असेल, तर तो सेवेमुळे झाल्याचे गृहीतक सैनिकाच्या बाजूने असते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या धर्मवीर सिंह प्रकरणात म्हटले आहे. मात्र तो निकाल ज्या जुन्या नियमांवर आधारलेला होता, ते २००८ आणि २०२३ मध्ये बदलले आहेत. त्यामुळे आपल्याला कोणते नियम लागू पडतात हे वकिलाकडून पाहून घ्यावे. असा दावा फेटाळला गेला तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे दाद मागता येते.

उपचार नाकारले गेले तर तोंडी वाद घालू नये. तारीख, वेळ आणि कोणते कारण सांगितले गेले हे लिहून तक्रार द्यावी व पोच घ्यावी. कलम २८ नुसार सेवेतील त्रुटींबाबत आधी संस्थाप्रमुखांकडे आणि समाधान न झाल्यास याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कलम २७ नुसार मोफत विधी सेवा मिळते, आणि त्यासाठीचा अर्ज जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात स्वीकारला जातो.