रेड अलर्टच्या दिवशी ऑनलाइन लेक्चर: या चुका टाळा

अतिवृष्टीचा रेड अलर्ट आला की रात्री उशिरा जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आणि पाठोपाठ कॉलेजच्या ग्रुपवर निरोप येतो: उद्याचे तास ऑनलाइन घ्या. कधी दरड आल्याने चिपळूणजवळचा परशुराम घाट बंद असतो, कधी पुलावर पाणी चढल्याने एसटी. मग आपण शिक्षक वर्गाचं वेळापत्रक उचलतो आणि जसंच्या तसं गूगल मीटवर टाकतो. निम्म्या कटकटी तिथूनच सुरू होतात.

लाईव्ह हजेरीचा हट्ट

ही सगळ्यात वाईट चूक. कितीतरी वाड्यांमध्ये घरात रेंज नसते, ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर मिळते. उघड्या कातळावर, विजा कडाडत असताना पोरं मोबाइल घेऊन उभी राहतात ती विषयाच्या ओढीने नाही, हजेरी लागावी म्हणून. सड्यावर माणूस हीच सगळ्यात उंच वस्तू असते, हे भूगोलाच्या मास्तरांनी तरी विसरू नये. अशा दिवशी लाईव्ह हजेरी घेऊच नका. एका प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून दोन-तीन दिवसांत फोटो पाठवला की हजेरी, असं प्राचार्यांशी पावसाळ्याआधीच बोलून ठरवून ठेवा.

लाईट आणि रेंज वेगळी समजणं

मोबाइल टॉवरलाही वीज लागते. लाईट गेली की तो काही तास बॅटरीवर चालतो, मग डिझेलवर. आणि रस्ता बंद असेल तर डिझेल पोचणार कसं? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले आणि कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यामुळे क्रम उलटा करा. आदेश आला की आधी साहित्य पाठवा, लिंक नंतर. चार-पाच पानांची पीडीएफ आणि दहा मिनिटांची व्हॉइस नोट रात्रीच ग्रुपवर गेली असेल, तर सकाळी मीट उघडलंच नाही तरी धडा मुलांच्या हातात असतो.

घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच घरांत त्यावर पंखे-दिवे असतात, राउटरचा प्लग नसतो. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी. राउटर आणि डबा या दोघांसाठी छोटा यूपीएस मिळतो. पण गडगडाट जवळ आला की प्लग सरळ काढा. फायबरमधून वीज येत नाही, अ‍ॅडॅप्टरमधून येते. तेवढ्या वेळासाठी मोबाइलचा हॉटस्पॉट वापरा आणि दुसरं सिम दुसऱ्याच कंपनीचं ठेवा.

कॅमेरा चालू ठेवायला लावणं

हिशोब साधा आहे. १ एमबीपीएस वेगाने तासभर व्हिडिओ चालला की सुमारे ४५० एमबी डेटा जातो. असे चार तास म्हणजे १.८ जीबी, आणि मुलांचा पॅक बहुतेक वेळा दिवसाला १.५ जीबीचा. शेवटच्या तासाला मुलं गायब होतात ती कंटाळून, असं समजून त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. नुसता आवाज ६४ केबीपीएसने गेला तर तासाला तीसेक एमबी पुरतात. म्हणून तुमचा कॅमेरा सुरुवातीला दोन मिनिटं, तोंड दाखवण्यापुरता. पुढे स्क्रीन शेअरही नको. 'पान तीन, दुसरी आकृती' असं बोलत चला, पीडीएफ त्यांच्याकडे आहेच. गणित किंवा अकाउंटन्सी असेल तर पायऱ्यांना क्रमांक द्या, म्हणजे मध्येच तुटलेला मुलगा 'सर, पाचवी पायरी' एवढंच लिहून विचारू शकतो.

दार उघडायला कोणी नाही

तुमची लाईन तुटली आणि वेटिंग रूम चालू असेल, तर उशिरा आलेली मुलं बाहेरच अडकतात. वर्गप्रतिनिधीला (सी.आर.) आधीच को-होस्ट करा आणि लेक्चर तुटलं तर पुढे काय करायचं तेही सांगून ठेवा: दहा मिनिटं थांबायचं, नाहीतर उरलेला भाग व्हॉइस नोटने येईल. प्रत्येक वेळी नवी लिंक काढू नका. एका विषयाची एकच लिंक, तीही फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील अशा ग्रुपवर. नाहीतर 'गुड मॉर्निंग'च्या गर्दीत ती वाहून जाते. झूमचं मोफत खातं ४० मिनिटांत बंद पडतं आणि कॉलेजचा तास सहसा त्याहून मोठा असतो, हेही आधीच लक्षात घ्या.

आवाजाच्या किरकोळ कटकटी

कुई-कुई आवाज आला तर एकाच खोलीत दोन मोबाइल जोडलेले आहेत. एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा. पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर वायरचे इअरफोन लावून माइक तोंडाजवळ धरा. शिकवताना फोन आला की आवाज तुटतो, म्हणून 'डू नॉट डिस्टर्ब' लावा. आणि दर पाच मिनिटांनी 'आवाज येतोय का?' विचारू नका, सगळे म्यूटवर असतात. चॅटमध्ये १ लिहायला सांगा.

पूर ओसरल्यावरची घाई

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. ते ओसरल्यावर कितीतरी दिवस घराघरांत चिखल उपसणं चालू होतं. अशा वेळी तास घेऊ नये, फक्त विचारपूस करावी: कोण कुठे आहे, कोणाचा मोबाइल गेला, कोणाच्या वह्या-पुस्तकं भिजली. कॉलेज सुरू झाल्यावरही 'ऑनलाइन झालंय' म्हणून पुढच्या टॉपिकवर उडी मारू नका. पहिल्या तासाला पीडीएफ कोणाला मिळाली नाही ते विचारा, हात वर करणाऱ्यांची नावं लिहून घ्या आणि त्यांच्यासाठी ग्रंथालयात दोन छापील प्रती ठेवा.