दुसऱ्या भागावर मत लिहिताना

अंतराळकथेच्या दुसऱ्या भागावर मत लिहायचं असेल तर आधी पहिल्या भागाची शेवटची दोन प्रकरणं पुन्हा वाचा. आठवणीतलं पुस्तक खऱ्यापेक्षा वेगवान असतं आणि तुलना तिथेच फसते.

ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या ‘एंडर्स गेम’ (१९८५) या कादंबरीनंतर तिचा दुसरा भाग ‘स्पीकर फॉर द डेड’ (१९८६) उघडणारे लढाया शोधतात आणि ‘संथ’ म्हणून मोकळे होतात. इथे कथा ३००० वर्षं पुढे गेलीय. प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास केल्यामुळे (अशा प्रवासात वय हळू वाढतं) पहिल्या भागाचा नायक एंडर मात्र ३५ वर्षांचाच आहे. विषयही वेगळा: लुसितानिया ग्रहावरचे परके जीव आणि त्यांना समजून घेताना माणसांच्या होणाऱ्या चुका. म्हणून नुसतं ‘संथ’ नको. ‘एंडर ग्रहावर उतरेपर्यंत रेंगाळलं, तिथल्या रिबेरा कुटुंबातली मुलं आली आणि पुस्तक सुटेना’ असं नेमकं लिहा.

रहस्य सांगणार असाल तर आधी इशारा द्या. पहिल्या भागाचा शेवटही झाकाच, कारण दुसऱ्याची सगळी मांडणी त्यावर उभी आहे.

पहिला न वाचता दुसरा कळेल का, हे मात्र विसरू नका. इथे कळतो, पण एंडरच्या मनावरचं ओझं पहिला वाचलेल्यालाच पुरतं जाणवतं.