जर्मन भाषकांनी इंग्रजीतल्या या चुका टाळाव्यात

जर्मनीत प्रौढांना इंग्रजी शिकवताना माझ्या वर्गात येणारे बहुतेक जण बी-१ या मधल्या पातळीवर अडलेले असतात. सुरुवात त्यांना सोपी गेलेली असते, कारण दोन्ही भाषा एकाच कुळातल्या आहेत आणि 'वासर' म्हणजे 'वॉटर' हे कोणी शिकवावे लागत नाही. पण याच जवळिकीमुळे ओळखीच्या दिसणाऱ्या शब्दावर डोळे झाकून विश्वास टाकायची सवय जडते आणि पुढे तीच घात करते.

सर्वांत महाग पडणारा शब्द म्हणजे 'इव्हेंच्युअली'. जर्मन 'एव्हेंटुएल' म्हणजे 'कदाचित'; इंग्रजी 'इव्हेंच्युअली' म्हणजे 'उशिरा का होईना, पण शेवटी'. यंत्रांचे सुटे भाग खरेदी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने इंग्लंडमधल्या पुरवठादाराला 'वुई विल इव्हेंच्युअली चेंज द सप्लायर' असे लिहिले. पुरवठादार बदलण्याचा नुसता विचार चालू आहे, एवढेच त्याला सांगायचे होते; समोरच्याने मात्र तो ठाम निर्णय समजून थेट त्याच्या वरिष्ठांना फोन केला. तो विद्यार्थी छापील ईमेल घेऊन वर्गात आला आणि 'मी तर "कदाचित" असेच लिहिले होते' हे पुन्हा पुन्हा सांगत राहिला. तेव्हापासून माझ्या वर्गात पहिले सहा महिने हा शब्द वापरायला मनाई आहे. शंका असेल तिथे 'माइट' लिहावे.

'बेकॉमेन' म्हणजे मिळणे आणि 'बिकम' म्हणजे होणे, त्यामुळे उपाहारगृहात 'आय बिकम अ स्टेक' म्हणू नये. 'झेन्झीबेल' माणूस हळवा असतो, 'सेन्सिबल' माणूस समंजस. 'इन्फर्मेशन'ला अनेकवचनाचा 'एस' लागत नाही. 'आय नो दॅट' लिहिताना 'दॅट'च्या आधी स्वल्पविराम देऊ नये. तो जर्मनचा नियम आहे.

दुसरी चूक मला फार जवळची वाटते, कारण ती मराठी माणूसही करतो. जर्मन 'बिस' आणि आपले 'पर्यंत' दोन्ही अर्थांना पुरतात: शुक्रवारपर्यंत थांबतो आणि शुक्रवारपर्यंत पाठवतो. इंग्रजीत थांबायला 'अनटिल' लागते आणि मुदतीला 'बाय'. 'आय विल सेंड इट अनटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवतच राहीन. 'झाइट' म्हणजे 'पासून', त्याचेही तसेच आहे. 'तीन वर्षांपासून इथे राहतो' हे जर्मन आणि मराठी माणूस वर्तमानकाळात सांगतो, म्हणून दोघांच्याही तोंडी 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स' येते. बरोबर वाक्य 'आय हॅव लिव्ह्ड हिअर फॉर थ्री इयर्स' असे आहे. 'सिन्स'नंतर सुरुवातीचा क्षण येतो, 'फॉर'नंतर कालावधी.

जर्मन 'वेन'मध्ये 'जर' आणि 'जेव्हा' दोन्ही सामावलेले असतात, त्यामुळे नोकरीच्या अर्जात 'व्हेन यू गिव्ह मी द जॉब' असे लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला तो उद्धटपणा वाटतो. मराठीत हे दोन शब्द वेगळे असल्यामुळे इथे आपण सहज सुटतो.

एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला इंग्रजी अशा दोन रकान्यांच्या शब्दयाद्या मला मुळीच मान्य नाहीत, आणि फोनवर रोज पन्नास शब्द उडवून महिन्यात बी-२ ही पुढची पातळी गाठण्याची घाई तर त्याहून नाही. त्या यादीत 'बिस' समोर 'अनटिल' लिहिले की चूक तिथेच पक्की होते. माझे विद्यार्थी वहीत सुटा शब्द लिहीत नाहीत. कोण कोणाला म्हणतो आहे ते वर नोंदवून पूर्ण वाक्य लिहितात, ते मोठ्याने वाचतात आणि आठवड्याला दहांच्या पुढे जात नाहीत. खरेदी विभागातल्या त्या विद्यार्थ्याच्या वहीचे पहिले वाक्य 'वुई माइट चेंज द सप्लायर' हे आहे, आणि वर 'पुरवठादाराला, फोन करण्याआधी' अशी नोंद आहे.