बालीतल्या खेड्यात बेनामी जमिनीऐवजी भाडेपट्टा: माझा अनुभव

बालीच्या तबानान भागात भातखाचरांना लागून लहानसं घर बांधायचं होतं. दलालाचा आग्रह होता, जमीन गावातल्या कुणाच्या तरी नावावर घ्या. मी साफ नकार दिला. इंडोनेशियाच्या 1960 च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळत नाही आणि असा बेनामी व्यवहार कोर्टात टिकत नाही.

मग भाडेपट्टा केला, नोटरीसमोर. त्याआधी जमीन कार्यालयातून मूळ सर्टिफिकेट तपासून घेतलं, मालकाबरोबर त्याच्या बायकोचीही सही घेतली. मुदतवाढीचे दर कसे ठरणार, हे करारातच लिहिलं. हे कलम सोडू नका.

खरा पेच पाण्याचा होता. जागेतून एक चारी जात होती, कंत्राटदार ती बुजवायला निघाला होता. मी सुबकच्या प्रमुखांना बोलावलं. सुबक म्हणजे शेतकऱ्यांची पाणीवाटप संस्था, आपल्या धुळ्याकडच्या फड पद्धतीसारखी. ते सरळ चिखलात उतरले आणि खालची कुठली खाचरं कोरडी पडतील ते काठीने दाखवलं. आम्ही पाया मागे सरकवला, चारी उघडीच ठेवली. आता चारीतला गाळ काढायच्या दिवशी मलाही निरोप येतो आणि मी फावडं घेऊन जातो.