शाळेतल्या समुपदेशकाला पुढे काय?

शिक्षिकेची पर्यवेक्षिका होते, पर्यवेक्षिकेची मुख्याध्यापिका. समुपदेशकाचं मात्र बहुतेक शाळांत एकच पद असतं. पुण्यातल्या एका शाळेत सहा वर्षं काढल्यावर मला हे नीट उमगलं. कुणी रजेवर असलं की ऑफ तास माझ्याकडे यायचा, आणि त्याच वेळी बोलायला येणारी आठवीतली एक मुलगी माझं बंद दार बघून परत जायची. ते अजून सलतं.

या कामातलं आपल्याला नेमकं काय जास्त हवंय, हे आधी ठरवा. उपचाराकडे ओढा असेल तर नुसत्या एम.ए.वर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची पाटी लावता येत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. कॉलेजात शिकवायचं तर नेट ही देशपातळीवरची किंवा आपल्याच पुणे विद्यापीठाकडून होणारी सेट ही राज्यपातळीवरची पात्रता परीक्षा. खुल्या गटाला एम.ए.ला ५५ टक्के हवेत. मुख्याध्यापक व्हायचं असेल तर बी.एड. उरकून घ्या. बुद्धिमापनात रस असेल तर सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीचं काम बघून या. १९६२ साली ती सुरूच झाली बुद्धिमान मुलांसाठी. नोकरी न सोडता शिकायचं असेल तर एनसीईआरटीचा समुपदेशनाचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, पण त्यात प्रत्यक्ष वर्गांचे काही महिने असतात, तेवढ्या रजेचं आधी बोलून ठेवा.

मी शाळा सोडली नाही. वर्षभर नावं न लिहिता नोंदी ठेवल्या: कुठल्या इयत्तेतली मुलं, कधी, कशासाठी आली. सहामाहीच्या निकालानंतर नववीची रांग लागते, हे त्यातून दिसलं. तो कागद घेऊन संस्थेकडे गेले आणि तीन शाळांची समन्वयक झाले.

आता नव्या समुपदेशकांना तयार करते. सर्वांत जास्त वेळ पॉक्सोवर, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर जातो. मूल 'कुणाला सांगू नका' म्हणतं तेव्हा 'नाही सांगणार' असं वचन द्यायचं नाही, कारण २०१२च्या या कायद्याने लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे मुलाला आधीच, प्रेमाने सांगायला शिकावं लागतं. मला स्वतःला ते एका ज्येष्ठ समुपदेशकाकडे दर महिन्याला केसेस मांडूनच जमलं. पदरचे पैसे घालावे लागले तरी हे सुपरव्हिजन सोडू नका.

समन्वयक म्हणून पहिली मागणी केली ती समुपदेशकाला ऑफ तास न देण्याची. दोन शाळांनी ती लेखी मान्य केली. तिसरीशी बोलणं चालू आहे.